प्रवेश मिळाल्यानंतरची कॅम्पस भेट: या चुका टाळा

प्रवेशाची ईमेल आल्यावर थोड्याच दिवसांत विभागाकडून आणखी एक पत्र येतं: दोन दिवस या, कॅम्पस बघा, प्राध्यापकांना भेटा. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं पीएचडीसाठी निवडलेल्या विद्यार्थ्यांना फेब्रुवारी-मार्चमध्ये असं बोलावतात, आणि प्रवासाचा निदान काही खर्च तरी उचलतात. पुढची पाच-सहा वर्षं जिथे काढायची, ती जागा सही करण्याआधी आतून बघण्याची हीच संधी. माझ्या पहिल्या भेटीत मी भेटेल त्याला "इथे कसं वाटतं?" एवढंच विचारलं. सगळे म्हणाले, छान आहे. परतीच्या विमानात वही उघडली, तर त्यात वेबसाइटवर नव्हतं असं काहीच नव्हतं.

भेट कसली आहे हेच न विचारणं

सगळी बोलावणी सारखी नसतात. जीवशास्त्र आणि वैद्यकीय संशोधनाच्या अनेक विभागांत जानेवारी-फेब्रुवारीतलं बोलावणं मुलाखतीचं असतं आणि ऑफर त्यानंतर येते. संगणकशास्त्र, अभियांत्रिकी, भौतिकशास्त्रात बहुधा आधी ऑफर, मग भेट. पत्रात प्रवेशाचा आणि आर्थिक मदतीचा स्पष्ट उल्लेख नसेल, तर विभागाच्या समन्वयकाला सरळ विचारा. त्यात कमीपणा काही नाही. ऑफर हातात असेल, तर आता पारखायचं काम तुमचं आहे. हे मनात पक्कं नसलं की आपण दोन दिवस हुशारी दाखवण्यात घालवतो आणि विचारायचं ते राहून जातं.

प्राध्यापक भेटले, विद्यार्थी राहिले

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. प्राध्यापकांच्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या भेटी वेळापत्रकात आखलेल्याच असतात. खरी माहिती मात्र चौथ्या-पाचव्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडे असते. पहिल्या वर्षाचे बहुतेक अजून कोर्सवर्कमध्येच असतात, गाइडसोबत काम करण्याचा अनुभव त्यांना फारसा आलेला नसतो.

प्रश्नही असे हवेत की उत्तरात मत न येता घडलेली गोष्ट यावी. "सर कसे आहेत?" याला "चांगले आहेत" याखेरीज कोण काय म्हणणार? त्याऐवजी विचारा: मागच्या पेपरचा मसुदा गाइडकडून किती दिवसांत परत आला? महिन्यातून किती वेळा एकट्याने भेटता? मागच्या वर्षी सुट्टी किती दिवस घेतली, आणि मागताना अवघड गेलं का? गेल्या काही वर्षांत या लॅबमधून कोणी पीएचडी अर्धवट सोडून नुसती मास्टर्स पदवी घेऊन बाहेर पडलं का? शेवटच्या प्रश्नावर दोन विद्यार्थी एकमेकांकडे बघून थांबले, तर ते थांबणं लक्षात ठेवा.

एकाच्या बोलण्यावरून निकाल लावू नका. एखाद्याचं गाइडशी जमलं नसेल, म्हणून लॅब वाईट ठरत नाही. दोघा-तिघांना वेगवेगळं भेटा. तीच गोष्ट तिघांकडून आली तर ती खरी धरा. आणि त्यांनी विश्वासाने सांगितलेलं प्राध्यापकांच्या कानावर कधीही घालू नका. तुम्ही परत जाता, त्यांना तिथेच राहायचं असतं.

जेवणाच्या टेबलावर प्राध्यापक बसलेले असतील, तर मोकळं कोणी बोलणार नाही. नंतर "दहा मिनिटं चालत जाऊ या का?" म्हणा. नाहीतर फोन नंबर घ्या आणि परत आल्यावर बोला.

सगळी भिस्त एकाच गाइडवर

असिस्टंट प्रोफेसरला टेन्युअर, म्हणजे कायमची नेमणूक, मिळाली नाही तर त्याला दुसरीकडे जावं लागतं. मोठं नाव असलेले प्राध्यापक निवृत्तीच्या उंबरठ्यावर असू शकतात, कोणी सबॅटिकलवर (शिकवण्यातून घेतलेल्या लांब रजेवर) जाणार असतं, कोणाचा ग्रँट, म्हणजे संशोधनाचा निधी, संपत आलेला असतो. म्हणून ज्यांच्याकडे काम करायला आवडेल असे किमान तीन जण त्या विभागात शोधा आणि प्रत्येकाला विचारा: येत्या वर्षी नवे विद्यार्थी घेणार आहात का, आणि त्यांच्यासाठी निधी आहे का? हा प्रश्न त्यांना नवा नसतो. उत्तर गोलमोल आलं, तर तेही एक उत्तर आहे.

ज्यांच्यासाठी अर्ज केला ते प्राध्यापकच वेळापत्रकात नाहीत? आठवडाभर आधी समन्वयकाला लिहा. ते त्या दिवसांत बाहेरगावी असतील, तर व्हिडिओ कॉल मागून घ्या.

आकडा बघितला, हिशेब नाही

स्टायपेंड (विद्यावेतन) महिन्याला ३,००० डॉलर लिहिला असेल, तर पुढचा प्रश्न: किती महिने? बारा महिन्यांचे ३६,००० होतात, नऊ महिन्यांचे २७,०००. मधले ९,००० म्हणजे उन्हाळ्याचं भाडं आणि जेवणखाण. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं आणि परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर काम करता येत नाही, त्यामुळे कमी पडलेले पैसे बाहेर कमावू हा हिशेब चालत नाही. ट्यूशन, म्हणजे शिकवणीचं शुल्क, माफ असली तरी वेगळी फी भरावी लागते का, आरोग्य विमा कोण भरतं, मदतीची लेखी हमी किती वर्षांची, हेही विचारा. खोलीभाड्याचा आकडा मात्र कार्यालयाकडून न घेता विद्यार्थ्यांकडून घ्या, आणि ते कॅम्पसपासून किती लांब राहतात तेही.

भारावून तिथेच 'हो' म्हणणं

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे प्रेमाने विचारतात, मग येताय ना? "खूप आवडलं, सगळ्या भेटी झाल्या की कळवतो" एवढं पुरे. काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या पदव्युत्तर शिक्षण देणाऱ्या विद्यापीठांच्या संघटनेचा १५ एप्रिलचा ठराव आहे: त्यावर सही केलेल्या विद्यापीठांच्या आर्थिक मदतीच्या ऑफरला त्या तारखेआधी उत्तर देण्याचं बंधन विद्यार्थ्यावर नसतं. कोणी १ एप्रिलपर्यंत उत्तर मागितलं, तर विद्यापीठ त्या यादीत आहे का बघा आणि ठरावाचा उल्लेख करून नम्रपणे मुदत मागा. मात्र ठराव आर्थिक मदतीच्या ऑफरपुरता आहे. नुसत्या प्रवेशाची तारीख वेगळी असू शकते.

प्रवासातल्या चुका

तिकीट काढण्याआधी विचारा: विद्यापीठ स्वतः काढून देणार की तुम्ही काढून नंतर पैसे मिळणार? नंतर मिळणार असतील, तर काही आठवडे ती रक्कम तुमच्या कार्डावर राहील. पावत्या आणि बोर्डिंग पास यांचे फोटो त्याच दिवशी काढा. दोन भेटींच्या तारखा एकमेकींवर आल्या, तर लगेच कळवा. पुष्कळ विभाग वेगळा दिवस देतात. उत्तरेकडे मार्चमध्येही बर्फ असतं, म्हणून समन्वयकाचा फोन नंबर जवळ ठेवा, विमान रद्द झालं तर ईमेल उपयोगी पडत नाही. नवे बूट घालून जाऊ नका, दिवसभर चालावं लागतं.

आणि जाताच आलं नाही तर? अमेरिकेबाहेर असाल, तर व्हिसा वेळेत मिळेलच असं नाही, आणि सगळे विभाग परदेशातून येण्याचा खर्च देतही नाहीत. फक्त ऑनलाइन सादरीकरण बघून थांबू नका. तीन विद्यार्थी आणि दोन प्राध्यापकांशी वेगवेगळे कॉल मागा, आणि वरचे सगळे प्रश्न तसेच विचारा.

प्रत्येक भेटीच्या रात्री, झोपण्याआधी, लिहून काढा: कोण काय म्हणालं, कुठे मन खट्टू झालं. तिसऱ्या कॅम्पसनंतर पहिल्याचे चेहरे एकमेकांत मिसळतात. आणि एखादं ठिकाण नको हे पक्कं झालं, की त्यांना त्याच आठवड्यात कळवा. त्यांच्या प्रतीक्षा यादीवर कोणीतरी रोज ईमेल उघडून बघत असतं.