गणेशोत्सवाच्या मंडपात कॅमेरे लावताना
कॅमेरे विकत किंवा भाड्याने घेण्यापूर्वी मंडळाच्या बैठकीत एक प्रश्न लेखी मांडावा : आपल्याला नेमका कोणता धोका टाळायचा आहे? दानपेटीची चोरी, रांगेतील चेंगराचेंगरी आणि बेवारस पिशवी हे वेगवेगळे धोके असून त्यांचे उपायही वेगळे असतात. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्या हक्कावर बंधन घालताना कायद्याचा आधार, रास्त हेतू आणि हेतूच्या प्रमाणातच उपाय या कसोट्या सरकारला पाळाव्या लागतात, आणि मंडळानेही त्या स्वतःला लावून पाहाव्यात, असे मला मनापासून वाटते.

कॅमेऱ्याचा रोख प्रवेशद्वार, दानपेटी आणि रांग यांवरच ठेवावा. तो बसवल्यावर पडद्यावरील दृश्य स्वतः तपासावे, कारण उंच खांबावरचा कॅमेरा समोरच्या चाळीतील खिडकीत डोकावत असल्याचे खालून लक्षात येत नाही आणि त्या घरातील माणसांना दहा दिवस खिडकी बंद ठेवून राहावे लागते. चित्रण सुरू असल्याचा ठळक फलक लावावा. चित्रण दोनच जबाबदार कार्यकर्त्यांच्या ताब्यात असावे. पोलिसांनी मागितल्यास लेखी नोंद करून द्यावे, व्हॉट्सअ‍ॅप गटावर मात्र कधीही टाकू नये. काही घडले नसल्यास विसर्जनानंतर महिन्याभरात ते पुसावे.

पिशव्यांची तपासणी सर्वांची सारखीच करावी. नाव किंवा पेहराव पाहून कोणालाही बाजूला काढू नये. स्त्रियांच्या रांगेवर स्वयंसेविकाच नेमाव्यात.