फंक्शनल फिटनेस सुरू करताय? खान्देशात राहून तरी या चुका टाळा

पहिल्या दिवशी उलटी झाली म्हणजे वर्कआउट जोरदार झाला, असं मानणारी मंडळी आता जळगाव-धुळ्यातही भेटायला लागली आहेत. "भो, काल असा वॉड मारला ना, आज जिना उतरता येईना!" हे तक्रारीच्या सुरात कुणी सांगत नाही, कौतुकानं सांगतात. वॉड म्हणजे त्या दिवसाचा नेमून दिलेला व्यायाम. बर्पी (जमिनीवर पालथं पडून उठत उडी), थ्रस्टर (बैठकीतून उठत बार डोक्यावर), केटलबेल (कडीचं लोखंडी वजन), बॉक्स जंप (खोक्यावर उडी), सगळं एकामागून एक, घड्याळ लावून, दम निघेपर्यंत. प्रकार वाईट मुळीच नाही. आठवड्याला मोजका वेळ देऊन दम, ताकद आणि चपळाई तिन्ही वाढवायची असेल तर याच्या तोडीचं थोडंच काही आहे. पण नवीन आलेल्यांपैकी बरेच जण महिना-दीड महिन्यात गायब होतात. कुणाची कंबर धरते, कुणाचा खांदा, कुणाचा नुसता उत्साह संपतो. कारण विचारलं तर बहुतेक वेळा एकच निघतं: हालचाल शिकायच्या आधी वेग आणि वजन.

गंमत अशी, की ज्या क्रॉसफिट या व्यायामपद्धतीमुळे हे सगळं जगभर पसरलं, त्याच्या शिकवणीतच क्रम उलटा आहे. ग्रेग ग्लासमन आणि लॉरेन जेनाई यांनी २००० साली कॅलिफोर्नियात ते सुरू केलं. तिथं आधी अचूक हालचाल, मग सातत्य आणि सगळ्यात शेवटी तीव्रता अशी मांडणी आहे. आपल्याकडे रील्समधून तिसरी पायरी तेवढी येऊन पोचली.

तबाता नावाच्या व्यायामाचंही तसंच. वीस सेकंद जोर, दहा सेकंद थांबा, आठ फेऱ्या, चार मिनिटांत काम फत्ते. इझुमी तबाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९६ सालचा तो प्रयोग व्यायामाची सवय असलेल्या तरुणांवर झाला होता आणि तोही जागेवरच्या सायकलवर. सायकलवर माणूस थकला की पाय हळू फिरतात, बाकी काही बिघडत नाही. तीच वीस-दहाची पट्टी बारबेल हातात असताना लावली, तर थकल्यावर पाठ वाकते. थकल्यावर काय बिघडू शकतं, हे बघून हालचाल निवडायची. नवख्यानं घड्याळ लावायचंच असेल तर सायकल, रोइंग, दोरीउड्या, साध्या बैठका यांना लावावं. डेडलिफ्ट (बार जमिनीवरून उचलून उभं राहणं) आणि स्नॅच (बार एका झटक्यात डोक्यावर) घड्याळाशिवाय.

बैठक जमते, वाकणं जमत नाही

आपल्या भागातल्या माणसाला स्क्वॉट शिकवायला फार वेळ लागत नाही. उकिडवं बसून भांडी घासणं, निंदणी करणं, ओट्यावर चकाट्या पिटणं हे अजून पुरतं सुटलेलं नाही. टाच जमिनीला टेकलेली राहते, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेनं जातात. एमआयडीसीत खुर्चीवर दहा वर्षं काढलेल्याचंही दोन-तीन आठवड्यांत बरंचसं परत येतं.

खरी गोम खुब्यातून वाकण्यात आहे. डेडलिफ्ट, केटलबेल स्विंग (ती पायांमधून पुढं झुलवणं), क्लीन (बार खांद्यापर्यंत घेणं), सगळ्यांचं मूळ तिथं, आणि ते बघून-बघून येत नाही.

घरात एक सरळ काठी घ्या. पाठीवर उभी धरा, एक हात मानेमागे, दुसरा कमरेमागे. काठी तीन जागी टेकली पाहिजे: डोक्याची मागची बाजू, दोन खांद्यांच्या मधला भाग आणि माकडहाड. आता गुडघे जरासे सैल सोडून ढुंगण मागं ढकलत वाका, मागं भिंत आहे आणि तिला टेकायचंय असं समजून. वाकताना काठी कुठल्याही एका जागेवरून सुटली की थांबा. तुमची आजची खोली तेवढीच. बहुतेकांची काठी पहिल्या प्रयत्नात माकडहाडावरून सुटते, म्हणजे कंबर गोल झाली. हे आरशात कळत नाही, काठी मात्र लगेच सांगते. रोज वॉर्मअपमध्ये दहा-बारा वेळा करा, आणि हे जमेपर्यंत बार जमिनीवरून न उचलता दोन ठोकळ्यांवर ठेवून उचला.

बघून शिकायचंच असेल तर बाजार समितीत सकाळी जरा वेळ उभे राहा. मुरलेला हमाल पोत्याच्या अगदी जवळ जाऊन उभा राहतो, पाय रोवतो, श्वास भरून पोट घट्ट करतो, ओझं अंगाला चिकटवूनच हलवतो. आणि दिवसभर पोती उचलायची असल्यानं पहिल्या पोत्याला कधीच घाई करत नाही. रावेर-यावलकडे केळीचा घड खांद्यावर घेऊन बागेतून चालत येणाऱ्या मजुरांचंही तसंच. त्यांचीही पाठ दुखते, ते कष्ट काही जिमच्या जाहिरातीत घालण्यासारखे नाहीत. पण ओझं अंगाजवळ ठेवायची त्यांची सवय उचलण्यासारखी आहे.

स्विंग बरोबर झाला की नाही, हे दुसऱ्या दिवशी समजतं. मांडीची मागची बाजू आणि ढुंगण दुखलं तर ठीक. कंबर दुखली तर वाकणं चुकलं. खांदे दुखले तर केटलबेल हातानं उचलली. ती खुब्याच्या झटक्यानं वर जायला हवी, हात नुसते दोरीसारखे.

वजन कमी करायची लाज

फ्रान नावाचा प्रसिद्ध वॉड आहे. थ्रस्टर आणि पुलअप, २१, १५ आणि ९ अशा तीन फेऱ्या. पुरुषांसाठी बार ४३ किलो, स्त्रियांसाठी ३०. नवखा गडी फळ्यावरचा आकडा वाचतो आणि तेवढंच लावतो, कारण बाजूच्यानं तेवढंच लावलंय. मग प्रत्येक तीन रेप्सनंतर (आवर्तनांनंतर) बार खाली, कमरेवर हात, छताकडे बघणं. वीस-पंचवीस मिनिटांनी संपतं आणि 'आरएक्स केलं', म्हणजे फळ्यावर लिहिलं तसंच केलं, म्हणून स्टेटस पडतं.

पण फ्रान हा काही मिनिटांत, जवळजवळ न थांबता संपवायचा वॉड आहे. त्याचा सगळा परिणाम त्या न थांबण्यात आहे. पंचवीस मिनिटं लागली म्हणजे तुम्ही वेगळाच व्यायाम केला, तोही वाईट फॉर्ममध्ये. याउलट १५ किलोचा बार, पुलअपच्या जागी रिंग रो (टांगलेल्या कड्या धरून तिरकं ओढणं) आणि १२-९-६ रेप्स घेऊन सहा-सात मिनिटांत संपवणाऱ्यानं खरा फ्रान केला. त्यामुळे फळ्यावरचा वॉड दिसला की ट्रेनरला आधी एवढंच विचारा, "सर, हा किती मिनिटांत संपायला हवा?" उत्तर नसेल तर त्या जिमची फी भरण्याआधी थोडा विचार करा.

लटकून झोका घेत मारायच्या पुलअपचा, म्हणजे किपिंगचा, मोह तर फारच. झोका न घेता पाच सरळ पुलअप येत नाहीत तोवर त्या वाटेला जाऊ नका. खांद्याला तो झटका पेलायची ताकद आधी यावी लागते.

किती दिवस? पहिले दोन-तीन महिने आठवड्याला तीन, मधे एक दिवस सोडून. त्यातही घड्याळाचा भाग दहा-बारा मिनिटांचाच, बाकी वेळ हालचाली शिकण्यात. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुला-मुलींनी हे नीट ऐका. सकाळी मैदानावर १६०० किंवा ८०० मीटरचा सराव आणि संध्याकाळी बॉक्स जंप-दोरीउड्या असं रोज चाललं, की नडगी दुखायला लागते आणि ऐन मैदानी चाचणीच्या आधी पळणंच बंद होतं. ज्या दिवशी जोरात पळाल त्या दिवशी उड्या नाहीत.

ऊन

हा भाग पुण्या-मुंबईच्या लेखांत सापडत नाही, कारण त्यांना भुसावळचा मे महिना माहीत नाही. पारा ४४-४५ ला सहज जातो आणि जिम बहुतेक पत्र्याच्या शेडमध्ये. दिवसभर तापलेला पत्रा संध्याकाळी सातलाही आग ओकत असतो. उन्हाळ्यात घड्याळाचा व्यायाम पहाटेच, साडेपाच ते सातच्या आत. संध्याकाळची बॅच सोडता येत नसेल तर त्या वेळी ताकदीचं काम करा, सेटच्या मधे भरपूर थांबून.

आपली गरमी कोरडी आहे, आणि तीच फसवते. घाम येतो तसा उडून जातो. बनियन ओलं होत नाही, म्हणून माणसाला वाटतं, घाम काही फार गेला नाही. वर्कआउटनंतर काळा टी-शर्ट वाळल्यावर बघा: पाठीवर आणि काखेजवळ मिठाचे पांढरे ओघळ दिसतील. व्यायामाच्या आधी आणि नंतर वजन करून बघितलं तर एक किलो कमी म्हणजे अंदाजे एक लिटर पाणी गेलं. ते नुसत्या पाण्यानं गटागटा भरून काढू नका, मीठही गेलंय. मीठ घातलेला मठ्ठा उत्तम. नाहीतर लिटरभर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा आणि मिठाचा अर्धा, असे सपाट चहाचे चमचे.

मृगाचा पाऊस पडला की उलटं होतं. हवा दमट झाली की घाम उडत नाही, नुसता निथळतो आणि अंग थंड होत नाही. कूलरही तेव्हा कामाचा नाही, तो हवा आणखी दमट करतो. मेमध्ये जमणारा वेग जूनमध्ये जमला नाही म्हणून स्वतःला दोष देत बसू नका, वजन उतरवा. नव्या हवेला शरीर रुळायला साधारण दहा-चौदा दिवस लागतात.

व्यायाम करताना कुणी असंबद्ध बोलायला लागला, तोल जायला लागला, तर तो उष्माघात धरा. अंगाला घाम आहे म्हणजे उष्माघात नाही, असं समजू नका. व्यायामातल्या उष्माघातात घाम असू शकतो. १०८ ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत वाट बघत बसू नका. कपडे सैल करून सावलीत न्या, अंगावर गार पाण्याच्या बादल्या ओता, पंखा लावा, जमलं तर टाकीत बसवा. आधी थंड करणं, मग हलवणं.

रात्रीचंही बघा. लाइट गेली, गच्चीवर तळमळत तीन-चार तास झोप झाली, तर सकाळी उठल्या-उठल्या मनगटाची नाडी मोजा. रोजच्यापेक्षा आठ-दहा ठोके जास्त असतील तर त्या दिवशी मेहरूण तलावाला आरामात एक फेरी मारून घरी या.

चहाच्या रंगाची लघवी

हे नेहमी होत नाही, पण झालं तर गंभीर आहे आणि जिममध्ये याबद्दल कुणी बोलत नाही. न पेलणाऱ्या संख्येनं व्यायाम केला की स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यातलं मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडावर भार येतो. रॅब्डोमायोलिसिस म्हणतात याला. एक-दोन दिवसांत स्नायू सुजून टणक होतात, कोपर सरळ होत नाही, दुखणं नेहमीच्या अंगदुखीपेक्षा फारच जास्त आणि लघवी कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी गडद. असं दिसलं तर घरी पाणी पीत बसू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा. रक्तातल्या सीके (स्नायू फुटल्यावर रक्तात वाढणारं एन्झाइम) तपासणीतून ते कळतं. मधल्या वेळात अंगदुखीची गोळी घेऊ नका. शरीरात पाणी कमी असताना अशा बऱ्याच गोळ्या मूत्रपिंडाला आणखी त्रास देतात.

यात अगदी नवख्यापेक्षा जुन्या खेळाडूला धोका जास्त. पूर्वी तालमीत लाल माती अंगाला लावलेला, आता पस्तिशीतला दुकानदार. दम आणि जिद्द आठवणीत शाबूत, स्नायू मात्र सवय विसरलेले. तो पहिल्याच दिवशी शंभर पुलअप पुरे करतो, कारण त्याला थांबायची सवय नाही. अशा माणसानं पहिल्या महिन्यात पुलअपमधून हळूहळू खाली येण्याचे व्यायाम विशेष जपून करावेत. ओझं खाली सोडताना स्नायू सगळ्यात जास्त फाटतात.

साध्या अंगदुखीला मात्र घाबरू नका. ती चोवीस ते बहात्तर तासांत शिखराला जाते आणि उतरते.

खाणं, थोडक्यात

रिकाम्या पोटी चहा ढोसून येऊ नका, अर्धा-पाऊण तास आधी एक केळ खा. केळीच्या जिल्ह्यात राहून प्री-वर्कआउटचे डबे मागवणं मला तरी कळत नाही. त्यातल्या बऱ्याच पावडरींमध्ये कॅफिन भरपूर असतं आणि आपल्या उन्हात धडधडीला ते नको. रात्री तर्रीदार शेवभाजी झाली असेल तर पहाटेची बर्पी छातीत जळजळ आणते. प्रथिनं दिवसाला शरीराच्या किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम धरा. कळण्याची भाकरी या बाबतीत हुशार आहे, ज्वारीत जे अमिनो आम्ल कमी ते उडदात असतं. पण नुसत्या भाकरीवर भागणार नाही, सोबत डाळ, दही, शेंगदाणे, अंडी लागतीलच. निर्जळी उपवासाच्या दिवशी घड्याळ लावू नका. आखाजीला (अक्षय तृतीयेला) पुरणपोळी-आमरस झाल्यावरही नाही, हे वेगळं सांगायला नको.

किरकोळ दुखणी

बॉक्स जंपनंतर गुडघा कुरकुरतो: वर उडी मारा, खाली एकेक पाय टाकत उतरा. बर्पीत चक्कर येते: वेग कमी करा, आणि संपल्यावर लगेच बसू नका, दोन मिनिटं चाला. थ्रस्टरमध्ये मनगट दुखतं: बार बोटांवर आणि खांद्यावर टेकू द्या, मुठीत आवळू नका. तळहाताचे घट्टे फाटतात: आधीच घासून सपाट ठेवा. मऊ, जाड तळाच्या पळायच्या बुटांत डेडलिफ्ट डगमगते, त्यापेक्षा सपाट कॅनव्हासचे बूट बरे.

छातीत दाब, डाव्या हातात कळ किंवा व्यायाम करताना डोळ्यांपुढे अंधारी येणं मात्र किरकोळमध्ये धरू नका, थांबा आणि डॉक्टर गाठा. बीपी, शुगर असलेल्यांनी आणि चाळिशी ओलांडलेल्यांनी तर सुरू करायच्या आधीच तपासून घ्यावं. जड वजनाखाली श्वास कोंडला की रक्तदाब क्षणात खूप वर जातो.

आणि लग्नसराई. हळदी, वरात, पंगती, दोन-तीन आठवडे जिमला दांडी. परत आल्यावर जुन्याच वजनानं सुरू करायचा मोह होतो, आणि वर लिहिलेली बरीचशी दुखणी नेमकी याच आठवड्यात घडतात. पहिला आठवडा निम्मं वजन, निम्म्या रेप्स, घड्याळ बंद. दुसऱ्या आठवड्यात पाऊणपट. तिसऱ्यात फळ्यावरचा आकडा वाचा.