लॅमसचा पाव, ओंब्यांची बाहुली आणि वनस्पतींच्या जुड्या: या चुका टाळा

१ ऑगस्टच्या आसपास ब्रिटन आणि आयर्लंडमधले पेगन (ख्रिस्तपूर्व, निसर्गपूजक) परंपरा पाळणारे लोक पहिल्या सुगीचा सण करतात. गेलिक नाव लूनसा, इंग्रजी नाव लॅमस. नव्या गव्हाचा पाव, ओंब्यांची बाहुली आणि रानातल्या-परसातल्या वनस्पती यांच्याभोवती हा सण फिरतो. तयारी फसते ती बहुतेक वेळा दोनच कारणांनी. एकतर नावाला भुलून भलतीच वनस्पती हातात येते, नाहीतर कुठेतरी ओल राहून जाते.

तारखेपायी कच्चा गहू कापणं

१ ऑगस्टला शेतात जाऊन पाहिलं तर गहू बहुधा उभाच असतो. इंग्लंडच्या दक्षिणेत गव्हाची कापणी ऑगस्टभर चालते, स्कॉटलंडमध्ये ती सप्टेंबरपर्यंत लांबते. यामागे हवामानाइतकंच कॅलेंडरही आहे. ब्रिटनने १७५२ साली नवं कॅलेंडर घेतलं तेव्हा ११ दिवस गळाले, म्हणजे जुन्या हिशेबाचा लॅमस आजच्या १२ ऑगस्टच्या आसपास पडतो. तेव्हा पीक तयार नसेल तर खुशाल दहा-बारा दिवस थांबा. आयर्लंडमध्येही हा सण एकाच तारखेला बांधलेला नव्हता. जुलैच्या शेवटच्या रविवारी डोंगरावर जाऊन बिलबेरी ही रानफळं खुडायची प्रथा याच सुगीची.

मेलबर्न-ऑकलंडकडे राहणाऱ्यांची चूक वेगळी. तिथे ऑगस्ट म्हणजे हिवाळा. दक्षिण गोलार्धात लॅमस फेब्रुवारीच्या सुरुवातीला धरतात.

‘प्राचीन काळापासून अमुक सणाला अमुकच वनस्पती’ अशा याद्यांवरही डोळे झाकून विसंबू नका. लॅमस हे नाव जुन्या इंग्रजीतल्या ‘पावाची मिस्सा’ या अर्थाच्या शब्दावरून आलंय, म्हणजे मुळात ख्रिस्ती. लूनसा हा लू या देवाच्या नावाचा गेलिक सण. आठ सणांचं वर्षचक्र विसाव्या शतकाच्या मध्यात जुळवलं गेलं आणि सप्टेंबरच्या सणाला मेबन हे नाव तर १९७०च्या दशकात एडन केली या अमेरिकन पेगन लेखकाने दिलं. सण नवा आहे म्हणून खोटा ठरत नाही. पण यादीतली वनस्पती तुमच्या भागात त्या आठवड्यात फुलत नसेल, तर यादी बाजूला ठेवा आणि बांधावर जे फुललंय ते घ्या.

नावं सारखी, वनस्पती वेगळ्या

मराठी घरात सगळ्यात जास्त घोळ इथे होतो.

मॅरिगोल्ड म्हणजे झेंडू असं आपण शाळेपासून घोकलंय. पण तेला-मलमाच्या कृतींमधलं पॉट मॅरिगोल्ड म्हणजे कॅलेंड्युला. झेंडू टॅजेटिस या वेगळ्या प्रजातीतला. झेंडूचं पान चुरगाळलं की उग्र वास येतो आणि ते कातरलेल्या पिसासारखं असतं. कॅलेंड्युलाचं पान साधं, लांबट, किंचित चिकट असतं. झेंडूच्या पाकळ्या तेलात मुरवून त्वचेला लावू नका. झेंडू तोरणातच शोभतो.

बे लीफ म्हणजे आपलं तमालपत्र नव्हे. तमालपत्रावर देठापासून टोकाकडे तीन शिरा समांतर धावतात, बे लीफला मधली एकच ठळक शीर असते. चवीतही फरक आहे: तमालपत्र दालचिनीकडे झुकतं.

ओंब्यांच्या बाहुलीचं इंग्रजी नाव ‘कॉर्न डॉली’. ते ऐकून मक्याची सालं शोधणारेही पुष्कळ. ब्रिटिश बोलीत कॉर्न म्हणजे धान्य, बहुधा गहू. मक्याच्या सालांची बाहुली ही अमेरिकेतली वेगळी कला आहे.

मगवर्ट या सुवासिक रानवनस्पतीच्या बाबतीत मात्र मराठी वाचकाचं नाक मदतीला येतं. मगवर्ट आणि जोतिबाला वाहतात तो दवणा, दोन्ही आर्टेमिसिया प्रजातीतले. वास तंतोतंत तोच नसतो, पण घराणं ओळखू येतं. मगवर्टचं पान वरून गडद हिरवं आणि खालून पांढुरकं, लवदार असतं. ती लव नसेल तर जुडीत घेऊ नका. गरोदर बायकांनी मगवर्टचा चहाही टाळावा आणि धुरीही.

यारो की हेमलॉक?

ही चूक जिवावर बेतू शकते. यारो आणि विषारी हेमलॉक दोन्ही रस्त्याकडेला वाढतात, दोन्हींना पांढऱ्या फुलांचे झुबके येतात. फूल दुरून पाहून ठरवू नका, झुबका उलटा करून देठ बघा. हेमलॉकच्या देठाच्या टोकाला एकाच बिंदूतून छत्रीच्या काड्यांसारख्या दांड्या फुटतात. यारोच्या दांड्या मुख्य देठावर वेगवेगळ्या उंचीवर फुटतात आणि वर येऊन एका पातळीत सपाट होतात. हेमलॉकचं खोड गुळगुळीत, पोकळ असतं आणि त्यावर जांभळे डाग असतात. यारोचं खोड चिवट, लवदार, आणि पान पिसासारखं बारीक चिरलेलं असतं. छत्रीसारखं फूल आणि गुळगुळीत पोकळ खोड दिसलं की हात मागे घ्या. त्यांतल्याच जायंट हॉगवीडचा रस अंगाला लागून वर ऊन पडलं तर भाजल्यासारखे फोड येतात.

ओढ्याकाठी फुलणारं मेडोस्वीट सुगंधी आणि सणाला अगदी साजेसं. त्यात ॲस्पिरिनच्या जातीची द्रव्यं असतात, किंबहुना ॲस्पिरिन या नावात मेडोस्वीटचं जुनं लॅटिन नाव दडलंय. ज्यांना ॲस्पिरिन चालत नाही त्यांनी याचा चहा घेऊ नये.

कायद्याचंही पाहा. इंग्लंड-वेल्समध्ये रानफुलं, पानं, फळं घरच्या वापरासाठी खुडणं चोरी धरत नाहीत. पण १९८१च्या वन्यजीव कायद्यानुसार जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कोणतीही रानवनस्पती मुळासकट उपटता येत नाही. शेतातला गहू हा तर शेतकऱ्याचा माल. वीस-पंचवीस ओंब्या हव्यात म्हणून विचारलं तर सहसा कुणी नाही म्हणत नाही, आणि कुठल्या कडेला फवारणी झालीय हेही तेव्हाच कळतं.

जुडीला बुरशी का येते

दव वाळल्यावर, साधारण दहा-अकराच्या सुमाराला कापा. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर नकोच. एका रोपाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग घेऊ नका.

मग येते नेहमीची चूक, ती म्हणजे फोटोत छान दिसावी म्हणून बांधलेली जाडजूड जुडी. बाहेरची पानं आठवड्यात कडकडीत होतात आणि गाठीजवळच्या आतल्या काड्या मऊ, काळ्या पडत जातात. एका जुडीत आठ-दहाच काड्या घ्या. दोऱ्याऐवजी रबरबँड लावा, कारण सुकताना देठ आकसतात आणि दोऱ्यातून एकेक निसटून खाली पडतो. उलटी टांगा, ऊन लागणार नाही अशा हवेशीर जागी. स्वयंपाकघर आणि कपडे वाळत घातलेली खोली टाळा. ब्रिटनमधल्या बंद घरात ऑगस्टमध्येही हवेला ओल असते. ओव्हनमध्ये घाई केली तर रंग राहतो, सुगंध उडून जातो. बऱ्याच ओव्हनचं किमान तापमान ५० अंशांच्या पुढे असतं आणि सुवासिक पानांना ३५ ते ४० अंश पुरे.

एक-दोन आठवड्यांनी देठ वाकवून बघा. कट् असा आवाज येऊन तुटला तर वाळला, वाकला तर अजून टांगा. बरणीत भरल्यावर पहिला आठवडा रोज काचेकडे लक्ष द्या. आतून धुकं धरलं की लगेच बाहेर काढून पसरा. बुरशीचा एक ठिपका दिसला तरी सगळी जुडी फेका. चांगली पानं निवडून घेण्यात काही अर्थ नाही.

धुरीच्या जुडीची अडचण उलटी. पूर्ण वाळलेली पानं गुंडाळताना चुरा होतात आणि ताजी गुंडाळली तर आत सडतात. म्हणून कापल्यावर एक दिवस कोमेजू द्या, मग साधारण ३ सेंटिमीटर जाडीची जुडी सुती दोऱ्याने बांधून दोन-तीन आठवडे सुकवा. पेटवल्यावर सारखी विझत असेल तर ती आत ओली आहे किंवा फार आवळली गेलीय. भडकत असेल तर सैल आहे. यासाठी बाजारातली व्हाइट सेज आणू नका. ती दक्षिण कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोच्या वायव्य भागातली, तिथल्या मूळ रहिवाशांच्या विधींमधली वनस्पती आहे आणि तिची रानातून चोरटी तोड होते. परसातलं रोझमेरी, साधं सेज आणि लॅव्हेंडर पुरतं. दमेकरी, तान्ही बाळं आणि पाळलेले पक्षी असतील त्या घरात धुरी नको, आणि वाळल्या कापणीच्या शेतात तर मुळीच नको.

कॅलेंड्युला तेल

ताज्या पाकळ्या तेलात घातल्या की दोन आठवड्यांत तळाशी पाण्याचे थेंब जमतात, तेल गढुळतं आणि आंबूस वास येतो. पाकळ्या पूर्ण वाळलेल्याच हव्यात. ३० ग्रॅम पाकळ्यांना ३०० मिलिलिटर सूर्यफूल तेल, चार आठवडे उबदार पण अंधाऱ्या जागी ठेवून फडक्यातून गाळायचं. १०० मिलिलिटर तेलात १० ते १२ ग्रॅम मधमाश्यांचं मेण वितळवलं की मऊ मलम होतं. आधी मनगटावर लावून दिवसभर बघा. ज्यांना शेवंतीच्या कुळातल्या फुलांची ॲलर्जी आहे त्यांनी वापरू नये. खायच्या तेलात ताजी लसूण किंवा ओला पाला मुरवून कपाटात ठेवणं तर धोक्याचंच, त्यात बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात.

पाव फुगतो, पेंढी हरवते

लॅमसचा पाव गव्हाच्या पेंढीच्या आकाराचा करतात. भट्टीतून काढल्यावर ओंब्या एकमेकींत मिसळून गेलेल्या दिसल्या तर यीस्ट जास्त झालं किंवा पीठ सैल झालं. ५०० ग्रॅम स्ट्राँग ब्रेड फ्लोअर, ८ ग्रॅम मीठ, फक्त ३ ग्रॅम कोरडं यीस्ट, सुमारे २९० मिलिलिटर पाणी आणि बारीक चिरलेलं ताजं रोझमेरी एक मोठा चमचा. वाळलेलं असेल तर एक लहान चमचा. चपातीचा आटा वापरू नका. तो जास्त पाणी पितो, पाव दडस होतो आणि ओंब्यांना धार येत नाही. मैद्यात प्रथिनं कमी पडतात.

पीठ एकदा फुगल्यावर दाबून खालचा तळ १ सेंटिमीटर जाडीचा लाटा आणि काट्याने टोचून घ्या, नाहीतर मध्येच टेंगूळ येतं. त्यावर बारीक वळ्यांच्या काड्या आणि वर कात्रीने खाचा पाडलेल्या ओंब्या लावा. दुसऱ्यांदा फुगायला ठेवू नका. १५ मिनिटांनी २२० अंशांवर २० मिनिटं, मग १७० वर आणखी २५ ते ३० मिनिटं भाजा. सुवासिक तेलाच्या बाटलीतले थेंब पिठात घालू नयेत, ती तेलं खाण्यासाठी नसतात.

बाहुलीच्या काड्या तुटतात

आजच्या बुटक्या गव्हाची काडी आखूड आणि आतून भरीव असते, वळवली की चिरते. पोकळ काडीचा जुना वाण हवा. काडीकाम करणारे मॅरिस विजन वापरतात. बाहुलीसाठी मात्र गहू पूर्ण पिकायच्या साधारण दोन आठवडे आधी, काडीवर थोडी हिरवी झाक असताना कापा आणि ओंबीपासून पहिल्या पेरापर्यंतचाच भाग घ्या. वाळलेली काडी कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून ओल्या टॉवेलमध्ये गुंडाळा. रात्रभर भिजत ठेवली तर काळी पडते. फुलवाल्याकडच्या रंगवलेल्या ओंब्या पावावर ठेवू नका आणि जाळूही नका.

कोकणात दसऱ्याला दारावर ‘नवं’ (नव्या भाताच्या लोंब्यांची जुडी) बांधतात, तशीच ही बाहुली वर्षभर घरात राहते आणि पुढच्या नांगरणीला मातीत जाते. त्या वेळी आतली तार, प्लॅस्टिकची फीत आणि चिकटवलेले मणी आधी काढून घ्या. आणि दाणे भरलेल्या ओंब्या टांगायच्या असतील तर उंदीर पोहोचणार नाही इतक्या उंचीवर टांगा, नाहीतर नांगरणीपर्यंत नुसतं काड उरतं.