ऑस्टिओक्लास्टवर काम सुरू करताय?

प्रतिकारशक्तीच्या पेशींतून हाड खाणारी पेशी, म्हणजे ऑस्टिओक्लास्ट, तयार होते, हे ऐकूनच मी या विषयात आलो. जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेजच्या कुळातली पेशी. दोन संदेशवाहक प्रथिनं लागतात: एम-सीएसएफ पूर्वज पेशीला जगवतं, रँकएल तिला ऑस्टिओक्लास्ट बनवतं. रँकएलचं हे काम १९९८ मध्ये उघड झालं. त्याआधी ऑस्टिओब्लास्ट, म्हणजे हाड बांधणाऱ्या पेशी, सोबत वाढवून, ड जीवनसत्त्व घालून ही पेशी मिळवावी लागे. आता रँकएल बाटलीतून येतं. महाग असतं, तेवढंच.

हात बसेपर्यंत रॉ २६४.७ ही सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढणाऱ्या उंदराच्या मॅक्रोफेजसारख्या पेशी, घ्या. तिला वेगळं एम-सीएसएफ लागत नाही. मात्र फार पॅसेज झालेल्या, म्हणजे पुन्हा पुन्हा नव्या भांड्यात वाढवलेल्या पेशी वापरू नका, त्या एकमेकींत नीट जुळत नाहीत. मग उंदराच्या मांडीच्या आणि नडगीच्या हाडातली मज्जा सिरिंजने काढायला शिका. पेशींच्या मीडियममध्ये (पोषक द्रवात) घालायच्या सीरमचा लॉट आधी तपासून घ्या आणि पूर्ण प्रयोगमालिकेला तोच ठेवा.

मज्जेतल्या पेशींना एम-सीएसएफवर वाढवून झालं की रँकएल शक्यतो शुक्रवारी घाला. सोमवारी मीडियम बदलायचं, मंगळवार-बुधवारी पेशी तयार. सोमवारपर्यंत प्लेटमध्ये फारसं काही दिसत नाही. मग एका रात्रीत पेशी एकमेकींत मिसळतात आणि प्लेटमधल्या वेलच्या (खळग्याच्या) कडेला घावनासारख्या पसरलेल्या, अनेक केंद्रकांच्या पेशी दिसू लागतात. त्या फार टिकत नाहीत. एक दिवस उशीर झाला की नुसती भोकं उरतात, आणि नवखा माणूस ‘प्रयोग फसला’ असं लिहून मोकळा होतो.

ट्रॅप स्टेनिंग (ऑस्टिओक्लास्टमधल्या ट्रॅप या एन्झाइमला रंग देणं) केल्यावर वाइनसारख्या लाल झालेल्या, तीन किंवा अधिक केंद्रकांच्या पेशी मोजतात. पण लाल झाली म्हणजे ती हाड खातेच असं नाही. त्यासाठी हाडाच्या किंवा हस्तिदंताच्या चकतीवर पेशी वाढवून त्यांनी पाडलेले खड्डे बघावेच लागतात. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून टाळलं जातं.

औषध घातल्यावर ऑस्टिओक्लास्ट कमी झाले, तर लगेच खूश होऊ नका. पेशी मेल्या, जुळल्या नाहीत, की भलत्याच वाटेला लागल्या? पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातलं आयएल-३ या संदेशवाहक प्रथिनावरचं २००३ चं काम यासाठी जरूर वाचा. तिथे आयएल-३ मुळे पेशी मॅक्रोफेजच्या वाटेला वळल्या होत्या आणि नंतर रँकएल देऊनही परतल्या नाहीत. तेव्हा प्रत्येक प्लेटसोबत पेशी जिवंत आहेत का याची वेगळी चाचणी लावा. गाइड पहिला प्रश्न तोच विचारतात.