जुन्या गाडीचं कूलंट सारखं कमी होतंय? आधी ते जातं कुठे ते शोधा

दर आठवड्याला कूलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची) बाटली भरावी लागत असेल, तर नुसती भरत राहू नका. धडधाकट गाडीत कूलंट असं संपत नाही. ते एकतर गळतंय, नाहीतर इंजिनात जळतंय.

माझी वॅगनआर २००७ ची. ठाण्यात कासारवडवली ते माजिवडा, रोजचं ट्रॅफिक. दर रविवारी सकाळी, इंजिन गार असतानाच मी बॉनेट उघडते. गरम रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नका, उकळतं कूलंट थेट तोंडावर येतं.

रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी डाग कुठे पडलाय त्यावरून अर्धा शोध लागतो. मग टॉर्च घेऊन होज पाईपच्या क्लिपा बघा. गळती बारीक असेल तर थेंब दिसत नाही, पण वाळलेला पांढरट-हिरवट थर हमखास दिसतो. पाईप दाबून बघा: फुगलेला किंवा कडक होऊन तडकलेला असेल तर बदला. वॉटर पंपाला खाली एक बारीक भोक असतं, तिथून ओघळ आला असेल तर पंपाचं सील गेलं. रेडिएटरच्या झाकणाचं रबरही तपासा. ते चिरलं की प्रेशर टिकत नाही आणि कूलंट लवकर उकळतं. सर्वात स्वस्त पार्ट, आणि नेमका तोच कुणी बघत नाही.

बाहेर सगळं कोरडं आहे? मग गाडीत गोडसर वास येतो का, डाव्या सीटपुढचं मॅट ओलं आहे का, ते बघा. तसं असेल तर हीटरची जाळी गळतेय. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा आणि सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा धूर दिसला, तर हेड गॅस्केटची (इंजिनाचं डोकं आणि ब्लॉक यांच्यामधल्या पॅकिंगची) शंका घ्या आणि गाडी चालवू नका.

टेम्परेचरचा काटा फक्त ट्रॅफिकमध्ये वर जातो आणि गाडी पळायला लागली की खाली येतो? बहुतेक रेडिएटरचा फॅन, त्याचा रिले किंवा स्विच. गायमुखच्या चढावर चढत असेल तर थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की कूलंटला वाट देणारा व्हॉल्व्ह) किंवा चोंदलेला रेडिएटर. थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला मिळेल, ऐकू नका, नवीन बसवा.

‘ठाण्यात कुठे बर्फ पडतो, पाणी टाका’ हेही ऐकू नका. कूलंटमधल्या अँटिफ्रीझमुळे उकळबिंदू वाढतो आणि आतून गंज धरत नाही. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्याने क्षार साचतात. हिरवं आणि नारिंगी एकमेकांत मिसळू नका. साधं हिरवं असेल तर दोन वर्षांनी पूर्ण बदला. भरताना हीटर गरमवर ठेवून हवेचे बुडबुडे थांबेपर्यंत थांबा, आणि दुसऱ्या दिवशी गार इंजिनावर लेव्हल पुन्हा बघा.

काढलेलं कूलंट गटारात ओतू नका. ते विषारी आहे आणि चवीला गोड, त्यामुळे सोसायटीतली कुत्री-मांजरं चाटतात. बंद कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडे द्या.