गणपतीच्या चौरंगाची तयारी: लाकूड पाडव्यालाच आणा

गणपतीसाठी चौरंग घरीच करायचा बेत असेल तर लाकूड गुढीपाडव्याच्या आसपास आणा. आषाढात नको, श्रावणात तर अजिबात नको. माझा पहिला चौरंग श्रावणात, वखारीतून उचललेल्या ताज्या फळ्यांचा झाला. गणपतीत देखणा दिसला आणि डिसेंबरात वरचा पाटा मधोमध उलला. म्हणून ही यादी. हत्यारं, सांधे, पॉलिश सगळं येईल, पण लाकूड वाळवणार नसाल तर पुढचं वाचण्यात वेळ घालवू नका.

आधी कागदावर माप. १८ बाय १८ इंचांचा पाटा सहा-सहा इंचांच्या तीन फळ्या जोडून होतो. एकच रुंद फळी शोधू नका, ती महाग पडते आणि वाकते जास्त. चार पाय दोन बाय दोनचे, फूटभर उंच. पायांना जोडणाऱ्या चार पट्ट्या आणि पाट्याखालच्या दोन आडव्या पट्ट्या धरून तयार लाकूड साधारण ७७० घनइंच भरतं. एक घनफूट म्हणजे १७२८ घनइंच, म्हणजे हे अर्ध्या घनफुटापेक्षा थोडं कमी. घट धरून पाऊण घनफूट घ्या. तयार जाडी एक इंच हवी तर फळी सव्वा इंचाची चिरून घ्या, कारण वाळताना ती थोडी तरी वाकणार आणि रंध्याखाली तेवढी जाडी जाणार.

खरेदी पुण्यात, भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये. सागवान घ्या, कडेचा पांढरट भाग टाळा. वाळवीला तोच आवडतो. फळीच्या टोकाकडून एक डोळा मिटून बघा, पीळ असेल तर ठेवून द्या. दुकानदार "वाळलेलंच आहे साहेब" म्हणेल. म्हणू दे. वरून वाळलेलं असतं, आत नसतं. मॉइश्चर मीटर असेल तर त्याच्या सुया फळीच्या पाठीवर टोचू नका. एक तुकडा कापायला लावा आणि ताज्या कापाच्या मधोमध टोचा. तिथे १२ टक्क्यांच्या आत आकडा आला तरच ते वाळलेलं. मीटर नसेल तर लाकूड ओलं आहे असंच समजून चाला.

वाड्यातलं जुनं सागवान मिळालं तर उत्तम. पेठांमधले वाडे पाडले जातात तेव्हा तुळया, चौकटी विकायला येतात. पण आधी लोहचुंबक फिरवा. आत मोडलेला एक खिळा रंध्याच्या पात्याची धार घालवतो. आणि जुनं असलं तरी ते उघड्यावर पावसात पडून असेल तर तेही वाळवायचंच. वय झालं म्हणून लाकूड कोरडं ठरत नाही.

आता वाळवणं. फळ्या लागणाऱ्या मापापेक्षा दोन इंच लांब ठेवून कापा, टोकांना ऑइल पेंट फासा. टोकांतून पाणी सगळ्यात लवकर जातं आणि चिरा तिथूनच सुरू होतात. मग घरात, सावलीत, भिंतीपासून हातभर दूर रचा. जमिनीवर पट्ट्या, त्यावर फळ्या, त्यावर पुन्हा पट्ट्या. पट्ट्या सारख्या जाडीच्या आणि बरोबर एकावर एक, नाहीतर फळ्यांना लाट येते. बाल्कनीत उन्हात नाही. पलंगाखाली नाही, तिथे हवा खेळत नाही. प्लास्टिकमध्ये गुंडाळून तर मुळीच नाही.

वाळलं हे कळायचं कसं? स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर. वीस इंच लांब, सहा इंच रुंद, सव्वा इंच जाड अशी ओली सागवानी फळी साधारण पावणेदोन किलो भरते. दर रविवारी वजन करा आणि तारखेसकट पेन्सिलीने फळीवरच लिहा. आकडे आधी भराभर उतरतात, मग रेंगाळतात. ती दीड किलोच्या आसपास येते तोवर तिच्यातून फुलपात्रभर पाणी गेलेलं असतं. तेवढं पाणी घेऊन ती तुमच्या चौरंगात बसणार होती. लागोपाठ दोन-तीन रविवार वजन हललं नाही की झालं. तोवर रंध्याला हात लावायचा नाही. कुणी हेअर ड्रायर सुचवेल, कुणी गच्चीतलं ऊन. ऐकू नका, बाहेरून आवळून आत ओलं राहतं आणि तडे जातात.

पाय कातीव हवे असतील तर कातारीकडेही वाळलेलंच लाकूड द्या. ओल्या लाकडाचा कातलेला गोल पाय वाळला की अंडाकृती होतो. सांगून ठेवलं.

इतकं का बोलतोय? एप्रिलच्या दुपारी पुण्याची हवा ३० टक्क्यांच्याही खाली उतरते, जुलै-ऑगस्टात आर्द्रता ८० च्या वर. पहिल्या हवेत लाकडातलं पाणी ६ टक्क्यांकडे सरकतं, दुसरीत १६ कडे. लांबीत फरक पडत नाही, रुंदीत पडतो: १८ इंची सागवानी पाटा त्या दोन टोकांमध्ये दोन सुतांपर्यंत, म्हणजे पाव इंच, कमी-जास्त होऊ शकतो. हे वाळलेल्या लाकडाचं. ओलं वापरलंत तर त्याहून जास्त, आणि तेही फक्त आकुंचन. पाटा खालच्या आडव्या पट्ट्यांना सरसकट फेव्हिकॉलने चिकटवला असेल तर त्याला सरकायला जागा नाही, मग तो उलतो.

म्हणून यादीत दुसरी गोष्ट: खालच्या पट्टीला पाट्याच्या मध्यावर एक स्क्रू घट्ट, बाजूच्या स्क्रूंची भोकं मात्र पाट्याच्या रुंदीच्या दिशेने लांबट पाडा, वर वायसर घाला, स्क्रू फार आवळू नका. तिथे फेव्हिकॉलचा थेंबही नको. पाटा खालच्या चौकटीवर बसवतानाही हेच. पण लांबट भोकं पाडली म्हणून ओलं लाकूड चालेल असा अर्थ काढू नका. काही जण काढतात.

हत्यारं: रंधा, दोन पटाशा, बारीक दातांची करवत, काटकोन तपासायला गुण्या, तीन लांब क्लॅम्प. नसलेली रविवार पेठेत बोहरी आळीत मिळतात. जुन्या बाजारात चांगली पटाशी कधी कधी सापडते, ती परजून घ्या. रंध्याचं पातं काम सुरू करायच्या आदल्या दिवशी दगडावर लावा, ऐन वेळी कंटाळा येतो. सागाची धूळ नाकाला झोंबते, तेव्हा मास्क. सोसायटीत दुपारी एक ते चार मशीन चालवू नका; कारण पुण्यात सांगावं लागत नाही.

काम श्रावण लागायच्या आत संपवायचं ठरवा. तीन फळ्या जोडण्याआधी टोकाची वर्तुळं बघून मधली उलटी ठेवा. कडा उजेडासमोर जुळवा, फट दिसली तर पुन्हा रंधा. क्लॅम्पने ओढून फट मिटवू नका. फेव्हिकॉल, क्लॅम्प, रात्रभर तसंच. (वजन हलायचं थांबलं होतं ना? नसेल तर अजूनही थांबा, फळ्या सुट्याच आहेत.) पायांची भोकं आणि पट्ट्यांचे कुसू (त्या भोकांत बसणारी टोकं) आधी कोरडे बसवून बघा. चौरंग सपाट फरशीवर डुगडुगतो का बघा, शाडूची मूर्ती जड असते.

घासणं: पॉलिश पेपर ८०, १२०, १८० नंबरचा, याच क्रमाने, लाकडाच्या रेषांच्या दिशेने. बस.

पॉलिश: लाखेचं पावसाळ्यात धुरकट पांढरं पडतं आणि अभिषेकाचं पाणी त्याला सोसत नाही. त्यापेक्षा जवसाचं तेल किंवा पीयू (पॉलियुरेथेन). पाट्याला खालूनही तेवढेच हात द्या. तेलाच्या चिंध्या बोळा करून कचऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवून मगच टाका. पायांना नायलॉनची बुचं. तेलाचा वास जायला आठवडाभर लागतो, तेवढे दिवस हाताशी ठेवा.