घरात फ्रीमेसनची पेटी निघाली तर ती कशी वाचायची

आजोबा-पणजोबांच्या सामानात चपटी चामडी पेटी निघाली आणि तिच्यात पांढऱ्या कातड्याचा छोटा एप्रन, निळ्या फितीचं पदक आणि घडी घातलेलं इंग्रजी सर्टिफिकेट असलं, तर ती भंगारात देऊ नका. ही फ्रीमेसन मंडळींची पेटी. मेसन म्हणजे गवंडी; गवंड्याच्या अवजारांच्या खुणा वापरणारी ही बंधुभावाची जुनी संघटना, आणि तिच्या शाखेला म्हणतात लॉज. माझ्या सासऱ्यांची, नानांची, अशी पेटी माझ्याकडे आहे. ती मी वाचायला शिकले, तेव्हापासून ओळखीपाळखीतून नाशिकच्या कॉलेज रोडपासून देवळाली कॅम्पपर्यंतची माणसं आपापल्या घरातल्या वस्तू घेऊन येतात. कुणी घाबरलेलं असतं, कारण लॉजच्या इमारतीला लोक पूर्वी ‘जादूघर’ म्हणायचे, आणि कुणाला वाटतं आता घबाड हाती लागणार. तसं काही नसतं. पण आपला माणूस कुठे उभा होता आणि त्याने कसला शब्द दिला होता, हे त्या वस्तूंवरून नेमकं सांगता येतं.

आधी कागद वाचा, वस्तू नंतर. सर्टिफिकेटवर त्या माणसाचं नाव, लॉजचं नाव, लॉजचा नंबर आणि तारखा असतात. वर्ष ५९५८ असं काही दिसलं तर दचकू नका. मेसन मंडळी जुन्या पद्धतीने इसवी सनात ४००० मिळवून लिहीत, म्हणजे ते १९५८ झालं. नंबरापुढची अक्षरंही टिपून ठेवा. ई.सी. म्हणजे इंग्लंडच्या ग्रँड लॉजच्या, म्हणजे लॉजेसवरच्या मुख्य संस्थेच्या, घटनेखालचं लॉज, एस.सी. स्कॉटलंडच्या, आय.सी. आयर्लंडच्या. भारताची स्वतःची ग्रँड लॉज २४ नोव्हेंबर १९६१ रोजी दिल्लीत स्थापन झाली, रामपूरचे नवाब सय्यद रझा अली खान तिचे पहिले ग्रँड मास्टर. तेव्हा बरीच लॉजेस तिकडे गेली, काही मात्र आपल्या जुन्या ग्रँड लॉजखालीच राहिली. म्हणून १९६१ नंतरच्या कागदावर ‘एस.सी.’ दिसलं तर ती चूक समजू नका.

लॉज नाशिकचं नसून भलत्याच गावचं निघालं, तरी गोंधळायचं कारण नाही. नाना सरकारी नोकरीत, सतत बदल्या; ते मेसन झाले मुंबईत आणि निवृत्तीनंतर गंगापूर रोडला येऊन राहिले. सभासदत्व मूळ लॉजमध्येच राहिलं.

आता एप्रन. तो पलंगावर स्वच्छ चादर घालून पसरा आणि कोपरे बघा. नुसतं पांढरं कोकराचं कातडं, बाकी काही नाही, तर तो पहिल्या पायरीचा, एन्टर्ड ॲप्रेंटिसचा. खालच्या दोन कोपऱ्यांत आकाशी रंगाची दोन फितीची फुलं, म्हणजे दुसरी पायरी, फेलो क्राफ्ट. कडेला आकाशी पट्टी, वरच्या झडपेवर तिसरं फूल आणि दोन्ही बाजूंना छोट्या चांदीच्या गोळ्यांच्या साखळ्या असतील तर तो मास्टर मेसन. एका बाजूच्या गोळ्या मोजा, सात भरतील. फुलांच्या जागी उलट्या इंग्रजी ‘टी’सारख्या धातूच्या खुणा असतील तर आपले आजोबा लॉजचे अध्यक्ष, म्हणजे वर्शिपफुल मास्टर, झालेले होते. गडद निळा रंग आणि सोनेरी काम दिसलं तर ते ग्रँड लॉजच्या पातळीवरचे अधिकारी. ही सगळी इंग्लिश रीत. स्कॉटिश लॉजेसमध्ये प्रत्येक लॉज आपला रंग ठरवतं, त्यामुळे हिरवा किंवा लाल एप्रन बघून तर्क लढवू नका, आधी सर्टिफिकेट बघा.

पदकाला ते ‘ज्वेल’ म्हणतात. त्यावरची खूण हुद्दा सांगते: किल्ली खजिनदाराची, एकमेकींवर ठेवलेल्या दोन लेखण्या सेक्रेटरीच्या, नुसती तलवार दाराबाहेर उभ्या राहणाऱ्या टायलरची. कबुतर डीकनचं, म्हणजे लॉजमध्ये निरोप पोचवणाऱ्याचं. माझ्याकडच्या ज्वेलमध्ये गुण्या, म्हणजे काटकोन बघायचं अवजार, आहे आणि त्याच्या आत एक चौकोनी पत्रा लोंबतो. त्या पत्र्यावर काटकोन त्रिकोण आणि त्याच्या तिन्ही बाजूंवर चौरस कोरलेत. शाळेत शिकलेला पायथागोरसचा सिद्धांतच तो. ही खूण माजी मास्टरची. हे ज्वेल मी सराफ बाजारात दाखवायला नेलं, तेव्हा तिथल्या काकांनी भिंग लावून पाठीमागचे चार बारीक ठसे मला दाखवले: करणाऱ्याची अक्षरं, चालता सिंह, जहाजाचा नांगर आणि एक सुटं अक्षर. सिंह म्हणजे ९२.५ टक्के चांदी, नांगर म्हणजे बर्मिंगहॅमला तपासणी झाली, आणि त्या सुट्या अक्षरावरून तपासणीचं वर्ष काढता येतं. त्यांनी वजन सांगितलं, भावही सांगितला. मी पदक पर्समध्ये परत ठेवलं. वितळवून हाती येतील त्या पैशांत त्यावर कोरलेलं नाव परत मिळत नाही.

खुणांचा अर्थ समजायला पुस्तकं लागतात असं नाही. घराचं काम चालू असलं तर गवंड्याशेजारी उभं राहा. गुण्याने तो कोपरा काटकोनात आहे का बघतो, पाणसळीने थर सपाट करतो, ओळंब्याने भिंत सरळ चढवतो. मेसन मंडळींनी हीच अवजारं माणसावर लावली: गुण्या म्हणजे वागणं चोख, पाणसळ म्हणजे लॉजमध्ये सगळे समान, ओळंबा म्हणजे सरळपणा. कर्कटक म्हणजे आपल्या इच्छांना आखून घेतलेली हद्द. लॉजमध्ये दोन दगडही ठेवलेले असतात, एक खाणीतून आला तसा अनघड, दुसरा घडीव. काळाराम मंदिराचे काळे दगड जवळून बघितले की अनघड दगडाला तिथवर आणायला किती हात लागले असतील ते कळतं. नव्या सभासदाने स्वतःवर करायचं काम तेच. पायऱ्या चढवताना होणारे विधी बायबलमधल्या सॉलोमन राजाच्या मंदिराच्या बांधकामाभोवती गुंफलेले आहेत.

‘मग हा ख्रिस्ती धर्म का?’ हे मला हमखास विचारलं जातं. नाही. एका परमशक्तीवर श्रद्धा असणं ही अट आहे. ती कोणत्या नावाची, हे कुणी विचारत नाही. भारतातल्या लॉजमध्ये गीता, कुराण, बायबल, गुरू ग्रंथ साहिब, अवेस्ता असे ग्रंथ ठेवतात आणि ज्याने त्याने आपल्या ग्रंथावर शपथ घ्यायची. आत धर्म आणि राजकारण यांवर वाद घालायला बंदी. सुरुवातीला हिंदी माणसांना सहज दार उघडत नसे. १८४३ साली मुंबईत डॉ. जेम्स बर्न्स यांनी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज काढलं ते मुख्यतः त्यासाठीच. पुढे १८८४ साली कलकत्त्यात तरुण नरेंद्रनाथ दत्त, आपले स्वामी विवेकानंद, मेसन झाले. स्त्रियांना मात्र भारताच्या ग्रँड लॉजमध्ये आजही प्रवेश नाही. मला ते पटत नाही आणि नानांनाही मी तसं सांगितलं होतं.

गुपिताबद्दल. पेटीत एखादं छोटं पुस्तक असेल, ज्यात शब्दांची फक्त पहिली अक्षरं छापलीत, तर ते विधीचं पुस्तक. ते उलगडत बसू नका आणि त्याचे फोटो काढून इंटरनेटवरही टाकू नका. लपवलेलं असतं ते एवढंच: एकमेकांना ओळखायचे शब्द, हात मिळवण्याची पद्धत, विधीतले काही भाग. नानांनी दिलेला शब्द आयुष्यभर पाळला, आमच्या सासूबाईंनाही काही सांगितलं नाही. घरातल्यांनी तो मोडू नये असं मला मनापासून वाटतं. बाकी सगळं कुठल्याही सभासदाला खुशाल विचारा, आनंदाने सांगतात. आणि मोबाइलवर ‘सभासद व्हा, श्रीमंत व्हा’ असे निरोप येतात, ते पुसून टाका. खरं लॉज पैशाचं आमिष दाखवत नाही.

आपल्याकडच्या पावसाळ्यात कातड्याला बुरशी लगेच धरते. एप्रन धुवायचा नाही, पॉलिशही नाही. कोरड्या मऊ ब्रशने पुसून, खळ नसलेल्या जुन्या सुती धोतराच्या तुकड्यात, शक्यतो घडी न घालता ठेवा. प्लास्टिकची पिशवी नको. डांबरगोळी ठेवलीच तर पुरचुंडी बांधून कोपऱ्यात, कातड्याला टेकता कामा नये. ज्वेलला चिंच किंवा पितांबरी लावू नका. पुष्कळ ज्वेल्सवर सोन्याचा पातळ मुलामा असतो, तो घासल्याने जातो.

सांभाळणं जमणार नसेल तर लॉजला परत करा. लॉज कुठे आहे याचा पत्ता लागत नसेल तर भारताच्या ग्रँड लॉजच्या पश्चिम विभागाचं कार्यालय मुंबईत, फोर्टमधल्या फ्रीमेसन्स हॉलमध्ये आहे, तिथे पत्र पाठवा. पत्रात नाव, लॉजचा नंबर आणि सर्टिफिकेटवरची तारीख लिहा. त्याच पत्रात, त्यांच्या जुन्या इतिवृत्तांत आपल्या माणसाच्या नोंदी मिळतील का तेही विचारा. इंग्लंडच्या ग्रँड लॉजखालचे पणजोबा असतील तर तिची १७५१ ते १९२१ ची सभासद रजिस्टरं इंटरनेटवर शोधता येतात. आणि त्या माणसाची पत्नी हयात असेल, अडचणीत असेल, तर तेही संकोच न करता लिहा. मेसनच्या विधवेची, मुलांची विचारपूस करणं हे लॉजमधल्या आमनर या अधिकाऱ्याचं कामच आहे. त्याच्या ज्वेलवर झोळीची खूण असते.